सांध्यातील फट : तिचे कारण आणि तिची दुरुस्ती

भिंतीत दार किंवा खिडकी बसवली म्हणजे लाकडी चौकट आणि भिंतीचा गिलावा यांच्यामध्ये एक वेडीवाकडी रेघ उरते. ती झाकण्याकरिता सुतार चौकटीभोवती लाकडाची रुंद पट्टी ठोकतो. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जेथे एकमेकींस भेटतात, तेथे दोहोंची टोके प्रत्येकी ४५ अंशांत तिरपी कापलेली असतात, आणि दोन तिरपी टोके मिळून ९० अंशांचा कोपरा होतो. या सांध्यास कारागीर ‘मायटर’ म्हणतात. काम नवे असताना व त्यावर रंगाचे दोन हात चढले असताना सांधा कोठे आहे हे शोधूनही सापडत नाही. परंतु एखादे वर्ष लोटते न लोटते तोच त्या गुळगुळीत रंगावर एक बारीक काळी रेघ उमटते, आणि पाहता पाहता तिची फट होते.

पुढे काय होते हे बहुतेक घरांत ठाऊक आहे. सणापूर्वी रंगारी बोलावला जातो. तो फटीत पुट्टी दाबतो, वरून रंग फिरवतो आणि आपली मजुरी घेऊन जातो. चार-सहा महिन्यांनी फट पुन्हा आपल्या जागी हजर! घरधनी रंगाऱ्यास दोष देतो, रंगारी सुतारास देतो आणि सुतार लाकडास देतो. यांपैकी दोष खरोखर कोणाचा, आणि ही फट कायमची कशी मिटवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. परंतु त्यात थोडे पदार्थविज्ञान आहे, थोडी भूमिती आहे, आणि घरातील लहान मुलांच्या आरोग्याशी निगडित असा एक गंभीर मुद्दाही आहे.

लाकूड का हलते?

झाड तोडले, फळ्या पाडल्या, वर रंग चढवला, म्हणून लाकूड निश्चल झाले असे नाही. लाकूड म्हणजे एका दिशेने जुळवून घट्ट बांधलेल्या असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी होय. या नळ्यांच्या भिंती हवेतील ओलावा शोषून घेतात व हवा कोरडी झाली म्हणजे तो परत सोडतात. ओलावा आत आला की भिंती जाड होतात व लाकूड फुगते. ओलावा गेला की ते आकसते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नळ्या जाडीत फुगतात, लांबीत जवळजवळ फुगत नाहीत. ओले लाकूड पूर्ण वाळले तरी त्याची लांबी बहुधा शेकडा ०.१ ते ०.२ इतकीच कमी होते. रुंदीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सागवान हे सर्व लाकडांत शांत स्वभावाचे म्हणून नावाजलेले. तरी तेसुद्धा ओल्याचे कोरडे होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने शेकडा ५ ते ६ आकसते, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या सुमारे निम्मे. इतर अनेक लाकडे याहून पुष्कळ अधिक आकसतात.

आता आपल्या प्रांताच्या हवेकडे पाहा. मुंबईस व कोकणात आषाढ-श्रावणात हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० च्या वर राहते. घाटावर पुणे-सोलापूरकडे चैत्र-वैशाखातील दुपारी ती ३० च्याही खाली उतरते. सापेक्ष आर्द्रता ८५ असलेल्या हवेत लाकूड दीर्घकाळ राहिले, तर ते आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा १७-१८ इतके पाणी धरून ठेवते. आर्द्रता ५० असता हे प्रमाण सुमारे ९ वर येते. रंगामुळे ही देवघेव मंदावते, पण थांबत नाही. म्हणजे खिडकीची पट्टी वर्षातून एकदा फुगते व एकदा आकसते. आणि हे तिचे काम घर उभे आहे तोवर चालूच राहते.

कागदावरील एक प्रयोग

पट्टी रुंदीत आकसली तर सांध्यात फट का पडावी? दोन्ही पट्ट्या सारख्याच आकसल्या ना? विद्यार्थिमित्रहो, ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर तुम्हीच आपल्या हाताने मिळवावे असे आम्हांस वाटते.

जाड कागदावर १० सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी आखा व तिच्या टोकाशी ४५ अंशांची तिरपी रेघ मारा. ही रेघ पट्टीच्या रुंदीच्या दिशेने १० सेंटिमीटर जाते आणि लांबीच्या दिशेनेही १० सेंटिमीटर जाते. आता अशी कल्पना करा की, ही पट्टी रुंदीत एक दशांश आकसली. (खरे लाकूड इतके आकसत नाही, डोळ्यांना स्पष्ट दिसावे म्हणून आम्ही प्रमाण वाढवले आहे.) रुंदी ९ सेंटिमीटर उरली, लांबी मात्र होती तेवढीच राहिली. तेव्हा तिरपी रेघ आता रुंदीत ९ व लांबीत १० सेंटिमीटर जाईल. अशी दुसरी पट्टी आखून टोकाचा निमुळता कोन कोनमापकाने मोजा. तो ४५ नसून ४२ अंश भरेल. याच मापाची, पण उलट्या बाजूची, तिसरी पट्टी करा. दोन्ही आकसलेल्या पट्ट्या कापून, त्यांच्या बाहेरच्या कडा काटकोनात राहतील अशा रीतीने एकमेकींस भिडवा. ४२ आणि ४२ मिळून ८४ झाले. काटकोनास ६ अंश कमी पडले. बाहेरची दोन टोके एकमेकींस टेकतील, आणि तेथून आतील कोपऱ्याकडे रुंद होत जाणारी पाचरीच्या आकाराची फट तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहील.

हाच प्रयोग उलट करून पाहा. पट्टी फुगून ११ सेंटिमीटर झाली असे मानले, तर कोन ४७ अंशांहून अधिक होतो. दोहोंची बेरीज काटकोनाच्या बाहेर जाते. तेव्हा आतील कोपरे प्रथम भिडतात आणि बाहेरची टोके उघडी पडतात.

खऱ्या पट्टीच्या बाबतीत फट किती पडेल याचा अंदाज तोंडी हिशेबानेही काढता येतो. पट्टीची रुंदी जितकी आकसली असेल, तिला १.४ ने गुणले म्हणजे रुंद टोकाशी असलेली फट मिळते. पट्टी ७५ मिलीमीटर, म्हणजे सुमारे ३ इंच रुंद असून ती शेकडा १ आकसली, तर आकस पाऊण मिलीमीटर आणि फट सुमारे १ मिलीमीटर. पट्टी दुप्पट रुंद असेल तर फटही दुप्पट. यावरून रुंद, शोभिवंत पट्ट्यांचे कोपरे आधी का उघडतात याचा उलगडा होतो.

फट पाहून रोग ओळखावा

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही; तद्वत फट पाहिल्यावाचून पुट्टीस हात लावू नये. फटीचा आकार तिचे कारण सांगतो.

फट आतील कोपऱ्याकडे रुंद आणि बाहेर मिटलेली असेल, तर लाकूड बसवल्यानंतर वाळले आहे. असे बहुधा उन्हाळ्यात दिसते. काम अपक्व, म्हणजे पुरते न मुरवलेल्या लाकडाचे असल्यास पहिल्याच वर्षी फट मोठी पडते.

फट बाहेरच्या टोकाकडे रुंद असेल, तर लाकूड फुगले आहे. पावसाळ्यात ती दिसून कार्तिकात आपोआप मिटत असेल तर काळजीचे कारण नाही. पण बाराही महिने राहत असेल, तर कोठून तरी पाणी मुरत आहे किंवा मुळात कापच चुकला आहे असे समजावे.

फट सांधाभर एकसारख्या रुंदीची असेल, तर दोष बहुधा हवेचा नव्हे. पट्टी आखूड कापली गेली आहे, किंवा खिळे सैल होऊन ती जागची सरकली आहे. बोटाने दाबून पाहावे. पट्टी हलली तर संशय फिटला.

एका पट्टीचा पृष्ठभाग दुसरीच्या वर उचललेला असेल, तर मागची भिंत सपाट नाही. तेथे पुट्टीचा थर चढवणे व्यर्थ होय. उंच बाजू पटाशीने किंवा लहान रंध्याने उतरवून घ्यावी.

शेवटी, लाकडात टोचा सहज रुतत असेल तर ओल किंवा वाळवी लागली आहे. अशा लाकडाची फट बुजवणे म्हणजे जखम न धुता तिच्यावर पट्टी बांधण्यासारखे आहे. प्रथम ओल बंद करावी आणि कुजका भाग बदलावा.

कठीण भराव की लवचीक?

खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेली जुन्या पद्धतीची पुट्टी सर्वांस परिचित आहे. ती वाळली म्हणजे दगडासारखी कठीण होते. खिळ्याचे डोके झाकावयास किंवा न हलणारा खड्डा भरावयास तिच्यासारखी वस्तू नाही. पण आपली फट हलणारी आहे. वैशाखात, म्हणजे फट अगदी रुंद असताना, ती कठीण पुट्टीने भरली, तर श्रावणात फुगणाऱ्या लाकडास मिटावयास जागा उरत नाही. मधील पुट्टी पाचरीचे काम करते. दोन्ही पट्ट्या एकमेकींस दूर ढकलतात, खिळे ढिले होतात, किंवा सांध्याची कड चेपून रंग उखडतो. उलट श्रावणात, फट केसाएवढी असता तिच्यावर पुट्टी चोळली, तर पुढल्या उन्हाळ्यात फट रुंद होताच तो पातळ थर तुटून गळून पडतो. रंगाऱ्याची मेहनत दोन्ही प्रकारे वाया जाते. त्याचे हात चांगले असतात. भराव आणि वेळ चुकलेली असते.

म्हणून अशा सांध्यास ताणला व दाबला जाणारा लवचीक भराव हवा. रंगाच्या दुकानात नळीत भरलेला अॅक्रिलिक सीलंट मिळतो तो या कामी येतो. तो पाण्याने पुसता येतो, आणि वाळल्यावर त्याच्यावर रंग बसतो. त्याच्याच शेजारी मांडलेला सिलिकॉनचा भराव मात्र घेऊ नये. तो न्हाणीघरात उपयोगी असला तरी साध्या प्रकारच्या सिलिकॉनवर रंग मुळीच धरत नाही. लवचीक भरावासही मर्यादा आहे. तो आपल्या रुंदीच्या मानाने थोडाच ताणला जातो. पाव मिलीमीटर फटीत भरलेला भराव एक मिलीमीटरपर्यंत ओढला गेला तर तोही फाटणारच. तेव्हा फट रुंद असतानाच, म्हणजे दिवाळी सरल्यापासून पावसाळ्यापूर्वीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत, ती भरावी. पुढे पावसाळ्यात भराव दाबला जाईल, किंचित वर फुगल्यासारखा दिसेल; पण तुटणार नाही.

जुन्या रंगाविषयी सावधगिरी

दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वी पालकांनी पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे. जुन्या तैलरंगांत शिसे मिसळलेले असे. त्यायोगे रंग टिकाऊ व तकतकीत होई. पण शिसे हे विष आहे, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांस ते अधिक बाधते. त्यामुळे बुद्धीची वाढ खुंटते, आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले की, तेथील मुलांना जडलेल्या विषबाधेचे मूळ घराच्या ओसरीवरील कठड्याच्या रंगात होते. मुले रंगाची धूळ लागलेली बोटे तोंडात घालीत. पुढे १९२१ साली जिनीव्हा येथे घरांच्या आतील रंगकामात शिसे-सफेद्याच्या वापरास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा नियम २०१६ साली करण्यात आला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला.

यावरून बोध हा की, त्यापूर्वी रंगवलेल्या प्रत्येक चौकटीच्या रंगात शिसे आहे असे मानूनच काम करावे. जुना रंग कोरडा घासू नये, दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नये. खरवडण्याची जागा पाण्याने ओली करावी; पाण्यात टिकणारा घासकागदच वापरावा; खाली कागद पसरून पडलेले कपचे त्यात गुंडाळून टाकावेत; नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी; आणि शेवटी जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. जुना रंग खरवडण्याचे काम प्रौढ माणसानेच करावे. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना काम आटोपून स्वच्छता होईपर्यंत त्या खोलीत येऊ देऊ नये. विद्यार्थ्यांनी आपला हात नव्या, न रंगवलेल्या लाकडावर बसवावा.

दुरुस्तीची कृती

१. पट्टी हलत असल्यास आधी ती पक्की करावी. सांध्याजवळ खिळा सरळ ठोकल्यास लाकूड चिरते; म्हणून गिरमिटाने बारीक भोक पाडून मगच बारीक खिळा मागच्या चौकटीत बसवावा. डोके किंचित आत बुडवून त्यावर पुट्टी भरावी. येथे कठीण पुट्टीच योग्य.

२. फटीतील जुनी पुट्टी व सुटलेला रंग वर सांगितलेली सावधगिरी बाळगून काढून टाकावा. फट ओल्या ब्रशने साफ करून पुरती वाळू द्यावी. धुळीवर कोणताही भराव चिकटत नाही.

३. आतील लाकूड उघडे पडले असल्यास त्यावर अस्तराचा पातळ हात द्यावा. कोरे लाकूड भरावातील द्रव शोषून घेते व भराव भुसभुशीत होतो.

४. फट सुमारे दोन मिलीमीटरपर्यंत असेल, तर नळीचे टोक अगदी बारीक कापून लवचीक भराव खोलवर जाईल असा दाबावा. ओल्या बोटाने एकदाच, न थांबता, आतून बाहेर पुसत जावे आणि कडेचा जादा भराव ओल्या फडक्याने टिपावा. यातील पाणी उडून गेले म्हणजे तो थोडा खाली बसतो. दुसऱ्या दिवशी खळगा दिसल्यास पुन्हा एक पातळ हात द्यावा. हा भराव घासकागदाने घासू नये. घासल्याने तो खरबरीत होतो. म्हणून ओला असतानाच त्यास आकार द्यावा.

५. फट याहून मोठी असेल, तर केवळ भरावावर विसंबू नये. त्याच जातीच्या लाकडाची फटीच्या आकाराची पातळ पाचर तासावी व सरस लावून ती सांध्याच्या एकाच बाजूस चिकटवावी. दोन्ही बाजूंस चिकटवल्यास सांध्याची हालचाल अडते आणि पावसाळ्यात लाकूड मिटावयास लागले म्हणजे पाचर त्यास ढकलू लागते. सरस वाळल्यावर पाचर पटाशीने सपाट करावी व उरलेली बारीक रेघ लवचीक भरावाने भरावी. पट्टीच आखूड कापलेली असेल, तर नवी पट्टी बसवणे हे अंती स्वस्त पडते.

६. भराव पूर्ण वाळल्यावरच रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. घाईने दिलेला रंग भेगाळतो.

फट पडूच नये म्हणून

नवे काम करविताना थोडी दक्षता घेतली तर पुढील बराच त्रास वाचतो. लाकूड मुरवलेले असावे, आणि बसवण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीत उघडे ठेवावे, म्हणजे ते तेथील हवेशी जुळते. पट्टीची पाठ आणि तिरपी कापलेली टोके यांना बसवण्यापूर्वीच अस्तर द्यावे. ओलावा सर्वांत जलद शिरतो तो टोकांतूनच. मात्र सांध्यास सरस लावावयाचा असेल, तर तेवढे टोक कोरे ठेवून त्यास सरस लावावा. तोही ओलावा अडवतो. रुंद पट्ट्यांकरिता जुन्या कारागिरांची एक युक्ती फार चांगली आहे. ते कोपऱ्यात एक चौकोनी, किंचित जाड ठोकळा बसवीत आणि दोन्ही पट्ट्या सरळ कापून त्याला भिडवीत. तिरपा कापच नाही. तेव्हा पाचरीसारखी फट पडण्याचे कारणही उरत नाही, आणि ठोकळ्यावर कोरलेल्या फुलाने शोभा वाढते ती निराळीच.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता वाचकांस मिळाले असेल. दोष लाकडाचा नव्हे. ते आपल्या धर्मानुसार वागते. दोष सुताराचा किंवा रंगाऱ्याचा क्वचित असतो. न पाहता, न मोजता, केवळ वरवर झाकण्याची जी घाई आपणा सर्वांस असते, तिचा हा दोष आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हातकामास शिक्षणाचे केंद्र मानावे असा विचार मांडला. त्याची सत्यता पटवून घ्यावयास दूर जाण्याचे कारण नाही. वर्गाच्या खिडकीचा एक कोपरा पुरे आहे. विद्यार्थ्यांनी घरातील किंवा शाळेतील असा एक सांधा निवडावा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याची फट मोजपट्टीने मोजावी, आणि ती आतून उघडी आहे की बाहेरून हे वहीत टिपून ठेवावे. बारा महिन्यांची बारा टिपणे झाली म्हणजे ती आपल्या रंगाऱ्यास दाखवावीत, आणि फट भरण्याचा दिवस त्याच्याशी बोलून ठरवावा.